तिप्पट बाहुली

“मावशी, स्नेहलला न्यायला आलोय मी,” संपतनं पायातली चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं.

मी सोप्यात शेंगा फोडत बसले होते. हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला सारलं आणि मग मान वर केली.

“न्यायला ती काय शेजारनं आणलेलं पातेलं हाय व्हय रं? बस आधी. पाणी पी.”

संपत म्हणजे माझ्या सुनेचा, शालनचा, धाकटा भाऊ. जयसिंगपूरला विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं त्याचं. शालन कावीळ होऊन गेली त्याला वर्ष उलटलं होतं. माझ्या विलासचं दुसरं लग्न मी ठरवलं होतं, कवठ्याच्या नंदाशी, देवळात, बँडबाजा न लावता. घरात बाई हवी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती आणि कुणाला विचारायचीही नव्हती. संपतच्या कानावर ते गेलं होतं, म्हणून स्वारी आली होती.

“नव्या आईच्या हाताखाली माझ्या बहिणीची पोर राहायची न्हाई,” तो बसला पण पाणी प्याला नाही.

“ह्या घरात समद्या माझ्या हाताखाली असत्यात. तुझी बहीण बी होती. तिला काय कमी पडलं ते सांग, मग पोरीचं बोलू.”

त्याच्यानं ते सांगवेना. कमी काही पडलंच नव्हतं. दवाखाना केला होता, सांगलीला नेलं होतं, तेराव्याला गाव जेवला होता.

“पोरीलाच विचारा,” तो म्हणाला.

पोर आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सातवीत होती तेव्हा. हातात ते दुपटं. आई गेल्यापासून ते दुपटं तिनं सोडलं नव्हतं. रात्री छातीवर घेतलं की पाय उघडे, पायावर घेतलं की छाती उघडी. माझ्या घरात पांघरुणांची थप्पी लागलेली असताना ही पोरगी अंगाचं मुटकुळं करून त्या एवढ्याशा दुपट्याखाली निजायची. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हौसाक्काच्या घरात वाकळ नाही.

“बोल गं,” मी म्हटलं. “मामाकडं जायचंय तुला?”

तिनं माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं. “आज्जी, आधी मला ह्याची मोठी वाकळ करून दे. अशीच. आईच्या साड्यांची. दुसऱ्या कुणाची एक चिंधी नको त्यात.”

“बरं. करून दिली तर राहशील?”

“झाली की सांगते.”

बोलण्यात ती माझ्यावर गेली होती. एक शब्द जास्तीचा द्यायची नाही.

“पुढच्या आयतवारी ये,” मी संपतला सांगितलं. “तवर वाकळ झालेली असंल. आन् पोरगी हितंच असंल.”

“मावशी, मोटारसायकलवर पिशवी बांधायला दोरी घिऊनच येणार हाय मी,” तो म्हणाला.

“आण की. घरला जाताना दाणे बांधून देते, त्याला हुईल.”

त्या दुपट्याचं सांगायला हवं. शालन पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, रीतच आहे ती. आमच्याकडचं कुणी नव्हतं तिथं. बारसं तिकडंच झालं, मी नेमकी पाय मुरगळून पडले होते म्हणून गेले नाही. तीन महिन्यांनी परत आली तेव्हा काखेत पोरगी आणि पोरीच्या अंगावर हे दुपटं. मीच डोहाळजेवणाला नेसवलेली हिरवी साडी, अर्धी फाडून तिचं दुपटं केलेलं. मधोमध पांढऱ्या दोऱ्यानं एक बाहुली काढलेली. बाहुली म्हणजे काय, नुसती एक रेघ. नाक नाही, डोळे नाहीत. डोकं भोपळ्याएवढं, हात कोवळ्या कणसाएवढे, पोट सुटलेलं, आणि पाय आहेत की नाहीत ते शोधावं लागे.

“अगं बया,” मी तेव्हा म्हणाले होते, “तुमच्या गावात माणसं अशी असत्यात व्हय? पाय द्यायला दोरा संपला काय?”

शालन हसली होती आणि पोरीला त्यात गुंडाळून आत गेली होती. तिचं ते हसणं मला कधी आवडलं नाही. उलट बोलली असती तर दोन शब्द मीही बोलले असते.

आता त्याच दुपट्याची वाकळ करायची होती. संपत गेल्यावर स्नेहल ते माझ्यासमोर पसरून बसली.

“आज्जी, तुझा हात ठेव बाहुलीवर. कोपरापासनं.”

ठेवला. कोपर बाहुलीच्या टाचेशी, बोटाचं टोक बरोबर टाळूला.

“एक हात,” ती म्हणाली. मग उठली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. “आता मला मोज.”

“तुला कशाला? दाराची चौकट मोजू का त्यापेक्षा?”

“मोज ना गं.”

मोजलं. माझे तीन हात भरली, वर एखादं बोट असेल नसेल.

“मग तिप्पट,” ती म्हणाली. “समदं तिप्पट करायचं. लांबी, रुंदी, बाहुली, काठ. समदं.”

“तिप्पट? कुणाला पांघरायची हाय, भीमाला?”

“तिप्पटच.”

“बरं बाई, तिप्पट. अर्धी साडी लागली व्हती दुपट्याला. तिप्पट म्हंजी दीड. दोन साड्या काढते, उरलं तर तुला उशीचा अभ्रा.”

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पण वाकळा किती शिवल्या ते सांगायला बसले तर तुमचा चहा निवेल. कापडाचा अंदाज माझा चुकत नाही, असं मी तेव्हा म्हटलं. स्नेहलनं खडू आणला. दुपटं जमिनीवर ठेवलं, चारी बाजूंनी रेघ मारली. मग ते उचलून पुढं ठेवलं, परत रेघ. अजून एकदा. आडवी तीन झाली. मग खालच्या अंगाला सरकली, परत तीन. मग आणखी खाली. माझा सोपा चौकोनांनी भरला आणि ती भिंतीला जाऊन टेकली.

“मोज,” ती म्हणाली.

मी बसल्या जागेवरून बघत होते. मोजायची गरज नव्हती, दिसत होतं. लांबीला तीन आणि रुंदीला तीन, आणि त्या सगळ्याला पोटात कापड हवं.

“नऊ,” ती म्हणाली. “आम्हांला बाईंनी आत्ताच शिकवलंय. बाजू तिप्पट केली की जागा नऊपट होते. साडेचार साड्या लागतील आज्जी, दुपट्यासारखे तीन थर घातले तर.”

मी उठून ट्रंक उघडली. त्यात शालनच्या तीन साड्या होत्या.

चांगल्या साड्या मी तेराव्याला देऊन टाकल्या होत्या. अहेव गेलेली बाई, तिचं नेसूचं गावातल्या लेकीसुनांच्या अंगावर जावं, आणि देताना माझा हात कधी आखडलेला नाही. जिला जी आवडली ती तिनं नेली. मागं उरल्या त्या कुणी न उचललेल्या. घरात नेसायच्या, सुती, धुऊन धुऊन रंग उडालेल्या, कमरेजवळ विरलेल्या. एकीवर हळदीचा डाग तसाच होता.

स्नेहलनं तिन्ही बाहेर काढल्या आणि नाकाशी धरल्या. “बाकीच्या?”

“दिल्या.”

“सगळ्या?”

“माणूस गेलं की देत्यात. ठेवत न्हाईत. तुला एवढी मोठीच हवी तर माझं एक लुगडं घाल मधल्या थराला. आतनं कोण बघतंय?”

“तुझं नको.”

“का? माझ्या लुगड्याला वास येतोय?”

“दोनच थर घालू,” ती म्हणाली. “तीन साड्यांत दोन थर बसतात.”

“त्याला वाकळ म्हणत न्हाईत, चादर म्हणत्यात. थंडी आली की कळंल.”

“असू दे.”

संध्याकाळी जेवायला बसल्यावर विलासनं ताटात बघत बघत सांगितलं, “आई, कापड कमी पडतंय म्हणं. नंदानं निरोप धाडलाय. तिच्याकडची एक सुती साडी देती म्हणाली, कोरी.”

स्नेहलच्या हातातला घास परत ताटात गेला. ती उठली, मोरीत हात धुतला आणि तिकडंच उभी राहिली.

“तुला आत्ताच बोलायचं व्हतं?” मी विलासला म्हटलं.

“मी काय वाईट बोललो?”

“न्हाई. तू कवाच वाईट बोलत न्हाईस. कवा बोलायचं ते कळत न्हाई एवढंच.”

सकाळी ती शाळेत गेली आणि मी कामाला बसले. साड्या फाडून जोडल्या, दोन थर पसरले, कडेनं दगड ठेवले. आधी बाहुली घ्यायची ठरवली. ती झाली की भोवतीनं नुसता धावदोरा, तो काय मी झोपेतही घालीन. दुपटं उशाशी ठेवून मी खडू घेतला आणि त्या बाहुलीकडं बघत बसले. आणि खरं सांगते, माझ्यानं ते डोकं काढवेना. एक हाताच्या बाहुलीला भोपळा ठीक होता. तो तिप्पट करून तीन हातांच्या बाहुलीला काढायचा? गावातली बाई आली आणि म्हणाली, हौसाक्का, हे तुम्ही शिवलं? तर मी कुठं तोंड लपवू?

म्हणून मी ती नीट केली. डोकं माणसाच्या डोक्याएवढं केलं. मान दिली, तिला मानच नव्हती. खांद्याच्या मापाला खुंटीवरचा स्नेहलचा शाळेचा झगा घेतला, तो अंथरून त्याच्या कडेनं खडू फिरवला. हात मांडीपर्यंत आणले. पोट आत घेतलं, पाय लांब केले. उंची तेवढी तिनं सांगितली तीच ठेवली, तीन हात. बघितलं तर बरी पोरगी दिसत होती. मोठी सुई घेतली, पांढरा दोरा दुहेरी ओवला आणि शिवायला लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी गाठ मारून दोरा तोडला. तोवर तिला मी जवळ फिरकू दिलं नव्हतं. झाल्यावर बघ, म्हणाले होते.

तिनं दप्तर खाली ठेवलं आणि बघितलं.

“ही कोण?”

“कोण म्हंजी? तुझी बाहुली. आता मान्साच्या जातीची दिसती.”

“डोकं बारीक केलंस तू.”

“मग? टोपली ठिवू?”

“पाय वाढवलेस. हात वाढवलेस. आज्जी, असं नसतंय. मोठं करायचं तर सगळं एकाच पटीत. पाय तिप्पट तर डोकंपण तिप्पट. एक कमी एक जास्त केलं की आकार मोडतो.” तिचा आवाज चढत चालला होता. “ही दुसरीच कुणीतरी आहे. ही ती नाही.”

“अगं पण तिचं चुकलं व्हतं. तुझ्या आईला चित्र काढता येत नव्हतं—”

“आईचं चुकलं नव्हतं!”

माझ्या घरात माझ्यावर कुणी ओरडत नाही. विलासचे वडीलही ओरडले नाहीत कधी. मी हात उचलला होता. पण ती माझ्याकडं बघतच नव्हती. कंपासपेटीतलं ब्लेड काढून ती वाकळेवर बसली आणि एक एक टाका उसवायला लागली. कापड कुठं फाटू दिलं नाही. टाका उचलायचा, कापायचा, दोरा ओढून काढायचा. माझे दोन दिवसांचे टाके तिनं दिवेलागणीपर्यंत काढून टाकले. मी शेंगा फोडत बसले होते. दोऱ्याचे तुकडे तिनं गोळा करून चुलीत टाकले, आणि विरलेल्या कापडावर जिथं मोठी सुई गेली होती तिथं नुसती भोकं राहिली, ओळीनं, मुंग्या चालल्यासारखी.

“दे हिकडं,” शेवटी मीच म्हटलं. “कसं काढायचं ते दाखीव. रेघ तू मार. टाका मी घालते.”

तिनं दुपट्यावर चार चार बोटांचे चौकोन पाडले, दोऱ्याला खडू चोळून, ताणून, टिचकी मारून. मग वाकळेवर बारा बारा बोटांचे. दुपट्याच्या एका चौकोनात रेघ कोपऱ्यातून शिरून मधून बाहेर पडत असली, तर वाकळेच्या त्या चौकोनातही ती कोपऱ्यातून शिरणार आणि मधून बाहेर पडणार. एक चौकोन झाला की पुढचा. तिला आख्खी बाहुली बघायचीच नव्हती. माझ्या जन्मात मी असं काम बघितलं नव्हतं. आम्ही डोळ्यानं बघतो आणि हातानं काढतो.

“असं केलं की चुकतच नाही,” ती म्हणाली. “बाई म्हणतात, आपल्या मनानं काही घालायचं नाही. मन घातलं की बिघडतं.”

“तुझ्या बाईला नवरा हाय का?”

“आहे. का?”

“काही न्हाई. इचारलं.”

तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मग ती सुईत दोरा ओवून देऊ लागली आणि मी शिवू लागले. पुढचे दिवस शाळा सुटली की हेच. मी डोक्याचा तो मोठा गोल शिवत होते, भोपळा काय, आता तो पाण्याचा डेरा झाला होता, आणि ती माझ्या खांद्यावरून बघत होती.

“आई टाका बारीक घालायची,” ती म्हणाली.

“माझ्यापरीस बारीक?”

“हो.”

“डोळं तरणं व्हतं तिचं,” मी म्हटलं. पण त्यानंतरचे टाके मी बारीक घातले.

शनिवारी संध्याकाळी काठ झाला. स्नेहल त्या रात्री वाकळेखाली निजली नाही. घडी घालून उशाला ठेवली आणि दुपट्यातच मुटकुळं करून निजली. मी म्हटलं, “अगं घे की.” तर म्हणाली, “उद्या. उजेडात.”

रविवारी सकाळी तिनं डोक्यावरून न्हाऊन घेतलं. अंगणात मी सडा टाकला होता तो वाळेपर्यंत थांबली. मग सतरंजी घातली, तिच्यावर वाकळ पसरली. आख्खं अंगण व्यापलं त्या वाकळेनं. ऊन नुकतंच भिंतीवरून खाली उतरलं होतं आणि दोन थरांच्या त्या विरलेल्या कापडावर तिरपं पडलं होतं.

ती चप्पल काढून वाकळेवर गेली. बाहुलीच्या टाचेशी बसली, आणि हळूच मागं झोपली. डोकं डोक्याच्या रेघेला लावलं, टाचा टाचेच्या रेघेला. हात अंगालगत सरळ केले. डोळे मिटले.

“आज्जी, बसले का?”

“कशात?”

“रेघेत. बघ ना नीट. मी आत आहे का?”

मला काही उमगेना. वाकळ पांघरायची का अंथरायची, हेच मी विचारणार होते. तरी बघितलं. उंची बरोबर होती, बोटभरही कमीजास्त नाही. पण डोक्याभोवती टोपलीभर जागा मोकळी होती. खांदा कुठल्या कुठं. बाहुलीचे हात कमरेच्या वरच संपत होते आणि हिचे पार मांडीपर्यंत गेलेले. तिथं पोटाच्या दोन्ही बाजूंना अशी जागा, की अजून एक पोरगी मावली असती.

“न्हाई,” मी म्हटलं. “डोकं केवढं हाय ते! मी सांगत नव्हते?”

ती डोळे न उघडता तशीच पडून राहिली. “हात बघ.”

“हात भाईर हायत.”

“पाय?”

“पाय बी.”

मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. संपत फाटकातून आत आला आणि वाकळ बघून जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या हातात खरंच दोरी होती.

“अरं देवा,” तो म्हणाला. “हे तर ताईनं काढलेलं.”

“तुझ्या ताईची बाहुली. तिप्पट,” मी म्हटलं. “हिला आता तिच्यात बसायचंय.”

“बाहुली न्हवं ती, मावशी.” त्यानं दोरी खाली ठेवली. “ही स्नेहलच हाय. बारशादिवशी दुपारी, समदी बायामान्सं जेवाय बसली व्हती तवा, ताईनं कापड हातरलं, हिला त्याच्यावर निजवलं आन् भवतीनं खडू फिरवला. मी हिचं पाय धरलं व्हतं. आखडून घ्यायची सारखी. चौथीत व्हतो मी. ताई म्हणली, धर नीट, एवढीशी व्हती म्हणून उद्या सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई.”

मी स्नेहलकडं बघितलं. तिला हे ठाऊक होतं. ती डोळे मिटून तशीच पडली होती, पण पापण्यांच्या कडेनं पाणी कानाकडं चाललं होतं.

“सगळं तिप्पट केलं,” ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. “एक चौकोन चुकला नाही. बाई म्हणतात आकार बदलत नाही. तो बदललाच नाही. मीच बदलले.”

“मान्साचं वाढणं असंच असतंय गं बाई,” संपत म्हणाला. “डोस्कं कमी वाढतंय, पाय जास्त.”

“मग मला कुणी सांगितलं का नाही?”

मी तिच्या पायथ्याशी उभी होते. ऊन आणखी जरा खाली सरकलं, आणि तेव्हा मला ती दिसली. भोकांची ओळ. मी शिवलेली, तिनं उसवलेली. विटलेल्या कापडावर काळे काळे ठिपके, मुंग्यांच्या रांगेसारखे, तिच्या डोक्याच्या कडेकडेनं, मानेवरून खाली, खांद्याला लागून, हातांच्या बाहेरनं बोटांपर्यंत, आणि पायांच्या दोन्ही अंगांनी थेट टाचेपर्यंत. कुठं बोटभर आत नाही, कुठं बोटभर बाहेर नाही. ती बरोबर त्या रांगेच्या आत झोपली होती.

मी तोंड उघडलं. पण ती म्हणाली होती, ही दुसरीच कुणीतरी आहे. माझ्या तोंडावर म्हणाली होती.

मी तोंड मिटलं.

ती उठून बसली, ओढणीनं तोंड पुसलं आणि वाकळेवरून खाली उतरली. घरात गेली. बाहेर आली तेव्हा हातात दप्तर होतं, कपड्यांची पिशवी होती आणि पिशवीत वर दुपटं होतं.

“मामा, चल.”

“वाकळ झाली की सांगते म्हणली व्हतीस,” मी म्हटलं.

“झाली नाही, आज्जी.”

“दिसंना का तुला? ही काय हातरलीय ती?”

“झाली नाही,” ती परत म्हणाली. माझ्या पाया पडली. पोरीला वळण होतं, ते शालनचं.

“ही तरी ने. तिकडं थंडी असती.”

“तुला राहू दे.”

संपतनं पिशवी बांधली. मी दाणे आणायला आत गेले होते, बांधून ठेवलेलं गाठोडं चुलीपाशी होतं. बाहेर आले तेव्हा ते फाटकाच्या बाहेर होते आणि मोटारसायकल सुरू झाली होती. मी काही हाक मारली नाही. हाका मारत रस्त्यावर धावणारी बाई मी नव्हे.

मग मंगळवारी देवळात लग्न झालं. नंदा घरात आली, चांगली निघाली. तिला दोन पोरं झाली. स्नेहल सुटीला यायची, दोन दिवस राहायची, नंदाला काकू म्हणायची. पुढं शिकली, लग्न झालं, आता इस्लामपूरला असते. दिवाळीला फोन करते. वाकळेचं नाव तिनं कधी काढलं नाही, मीही नाही.

दरसाल घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. गाडीत घालून नदीवर न्यायचं, दगडावर आपटायचं, वाळवंटात वाळत घालायचं. एक चिंधी बिनधुतलेली ठेवायची नाही. नंदा ट्रंक उघडते आणि दरसाल एकदा विचारते, “आत्या, ही पण घालू का गाडीत? वास यायला लागलाय हिला.”

“ठेव ती,” मी म्हणते. “विरलीय. आपटली तर हातात यायची.”

ती ठेवते.

सुती कापडाला एकदा पाणी लागलं की धागे फुगतात, आणि सुईची भोकं मिटून जातात.